सुतकात वाचलेल्या कोंबड्या

"मेली! मेली गं बाई!" असा एकच गलका उठला आणि माणसं आणखी पुढे रेटली.

हवालदार नाथाजीच्या अंगणात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं भिंतीवर, बाया ओसरीवर, बाप्ये बैलगाडीच्या जुवावर उभे. मधोमध रेघेवाले महाराज उकिडवे बसले होते. त्यांनी एक पांढरी कोंबडी कुशीवर निजवली होती, तिचं डोकं जमिनीला टेकवून धरलं होतं आणि तिच्या चोचीपासून पुढे अंगाऱ्याची सरळ रेघ ओढली होती. मग त्यांनी दोन्ही हात सोडून वर केले. कोंबडी हलेना. डोळा उघडा, पाय ताठ, पंख अंगाशी. वाराही लागत नसल्यासारखी पडून राहिली.

"ओम ऱ्हीं क्लीं कुक्कुटाय फट्!" महाराज गरजले. "देख माई, इसकी जान हमने काढून घेतली. आता हिच्या अंगात मरी शिरंल कशी? रिकाम्या घरात चोर येऊन काय नेणार? चल गं मरीआई, रेघेच्या पल्याड! इधर नहीं आना, उधर जाना!"

मरीआईला हिंदी कळतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. महाराजांनी टाळी वाजवली. कोंबडी दचकून उठली, पंख झाडले आणि कुर्रकुर्र करीत माणसांच्या पायांतून पळाली. बायांनी हात जोडले. कोणीतरी "जय रेघेवाले महाराज" म्हणालं आणि सगळ्या अंगणानं री ओढली.

मी कोपऱ्यात उभा होतो. मला कोंबडीचं नवल वाटत नव्हतं, तिच्या मालकाचं वाटत होतं. कारण महाराजांचं कोंबड्यांचं डालगं हातात धरून, मान खाली घालून जो माणूस त्यांच्या पाठीशी उभा होता तो खुद्द नाथाजी होता.

हे साल चौऱ्याहत्तरचं. आमचं पिंपळखिंड म्हणजे मेढ्याच्या वरच्या अंगाचं डोंगरातलं गाव. भात, नाचणी आणि पलटणीतली नोकरी, एवढ्यावर चालणारं. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. नाथाजी पलटणीतून पेन्शनीवर आला तो डोक्यात कोंबड्यांचं खूळ घेऊनच. छावणीत त्यानं विलायती पांढऱ्या कोंबड्या पाहिल्या होत्या. त्यानं स्वतः पाळल्या, आणि मग आम्ही दोघांनी मिळून दारोदार फिरून गावातल्या बायांना पाळायला लावल्या. तारेची खुराडी कशी बांधायची, खाली भाताचं तूस कसं पसरायचं, हे त्यानं शिकवलं. वर्षभरात गावची अंडी मेढ्याच्या बाजारात जाऊ लागली. त्या अंड्यांवर पोरांच्या पाट्या-दप्तरं आली, हे मी शाळेत बसून डोळ्यांनी पाहत होतो.

गावात देवधर्म न मानणारे आम्ही दोघेच. संध्याकाळी पारावर बसून आम्ही अख्ख्या तालुक्यातल्या बुवांची हजामत करायचो. एकदा जत्रेत एका बाईच्या अंगात आलं, तर हा पुढे होऊन खणखणीत आवाजात म्हणाला होता, "देवी, आदी नंबर सांग, मग रेजिमेंट सांग!" बाईच्या अंगातलं तिथल्या तिथं उतरलं. असा हा माणूस. तो माझा मित्र आहे, याचा मला अभिमान होता.

त्या उन्हाळ्यात डोंगरापलीकडच्या वाड्यांमधून मानमोडीच्या बातम्या येऊ लागल्या. सरकारी भाषेत हिला राणीखेत म्हणतात. कोंबडी आधी पेंगते, तोंड वासून श्वास घेते, हिरवट-पांढरी हगते, मग तिची मान पिळवटून मागे वळते आणि ती मरते. एकदा लागली की तिला औषध नाही. लागण्याआधी लस टोचली तरच निभावतं. लस साताऱ्याला जनावरांच्या दवाखान्यात मिळायची आणि ती बर्फातूनच आणावी लागायची. मी माझा थर्मास नाथाजीला दिला. त्याचं टोपण फुटलेलं होतं म्हणून मी ते सुतळीनं बांधून ठेवलेलं. सकाळच्या गाडीनं तो गेला, संध्याकाळी रिकाम्या हातानं आला.

"लस संपली म्हंत्यात, गुरुजी. कवा येईल त्येचा भरवसा न्हाई." त्यानं थर्मास माझ्या हाती दिला. "आता काय व्हईल ते व्हईल."

मी विश्वास ठेवला. ठेवणारच. त्याच्यावर नाही तर कोणावर ठेवणार? आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत हे रेघेवाले महाराज त्याच्या अंगणात अवतरले.

"नाथाजी, हे काय रं चाललंय?" गर्दी पांगल्यावर मी त्याला गाठलं.

"असूं दे की, गुरुजी. लस न्हाई, तर मानसांनी कशावर तरी भरवसा ठेवायचा का न्हाई?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "माझ्या कोंबड्यास्नी तर गुण आलाय."

महाराज मग वाजतगाजत घरोघर निघाले. पद्धत अशी: महाराज थेट मागच्या परड्यात खुराड्यापाशी जायचे. त्या घरची कोंबडी धरून रेघ ओढायचे, मारायचे, उठवायचे. घरची बाई दक्षिणा म्हणून एक कोंबडी द्यायची, ती डालग्यात जायची. त्या डालग्यात पलीकडच्या वाड्यांमधून मिळालेल्या कोंबड्या आधीपासून होत्याच. शेवटी डालग्याच्या तळातले दाणे मूठभर काढून महाराज बाईच्या पदरात टाकायचे. "परसाद! आपल्या हातानं सगळ्या कोंबड्यांना घाल, माई." बाई ते दाणे कपाळाला लावून खुराड्यात उधळायची. मग मिरवणूक पुढच्या घरी जायची.

फक्त एका घरासमोर ती थांबली नाही. राहीबाईच्या.

राहीबाईचा नवरा पलटणीत, काश्मीरकडे. घरात ती, दोन लेकरं आणि म्हातारे सासरे. महाराज यायच्या आदल्याच दिवशी सासरे वारले. घराला सुतक लागलं. शेजारची तानुबाई तिची बालपणापासूनची मैत्रीण, दोघी एकाच माहेरच्या. तीही दारातूनच भाकरीचं टोपलं ठेवून गेली. मयताला आलेली माणसं ओसरीवर टेकून गेली, मागच्या परड्यात कोणी पाऊल टाकलं नाही.

मिरवणूक पुढे जाताना राहीबाई फाटकाशी आली. "म्हाराज, आत नगा येऊ, पर लांबनं तरी एक रेघ वढा. माझ्या कोंबड्यांवर माझी लेकरं हायती."

महाराज दोन पावलं मागे सरकले. "सुतकात रेघ? अगं, उलटंल! तुझ्याबरुबर गाव बुडवतीस काय?"

"राही, व्हय मागं," तानुबाई म्हणाली. "उगा इटाळ करू नगंस."

राहीबाई मागे झाली. त्या दिवसापासून ती कोणाच्या दारात गेली नाही आणि कोणी तिच्या दारात आलं नाही.

आठवडा उलटला नाही तोच मर सुरू झाली. पहिलं घर तानुबाईचं. सकाळी ती खुराड्याचं दार उघडायला गेली तर निम्म्या कोंबड्या माना वळवून पडलेल्या. मग तिच्या शेजारचं घर, मग त्याच्या पलीकडचं. बाया छाती बडवत होत्या. काहींनी मरायला टेकलेल्या कोंबड्या कापून शेजारीपाजारी वाटल्या, काहींनी मेलेल्या ओढ्यात टाकल्या. गावावर पिसं उडत होती.

दोन खुराडी मात्र जिवंत होती. नाथाजीचं आणि राहीबाईचं.

नाथाजीचं कोडं गावानं चुटकीसरशी सोडवलं. महाराज त्याच्या घरी उतरले होते, रेघ तिथं पहिली पडली, म्हणून गुण. आणि राहीबाईचं? तिला तर रेघही नाही, परसादही नाही. वर सुतक. मग तिच्या कोंबड्या का जगाव्यात?

महाराजांना उत्तर द्यायला फार वेळ लागला नाही. "आमच्या रेघा कोणी पुसल्या? ज्या घरात मरण हाय, त्या घरची मरी तिनं तुमच्याकडं ढकलली. करणी हाय ही, करणी! येत्या मंगळवारी तिच्या सगळ्या कोंबड्या वेशीवर मरीआईला कापा. आणि ती बाई पाण्यावर येता कामा नये."

हे मला कोणी सांगितलं? राहीबाईनंच. शाळा सुटल्यावर ती कुंपणाच्या पलीकडे उभी राहिली, सवयीनं लांबच.

"गुरुजी, आक्शी पोटच्या पोरावानी जपल्या हो मी. आता समदी म्हंत्यात मी चेटकीन हाय." तिनं पदर तोंडाला लावला. "दुसरं कुनी म्हनलं असतं तर मला काय बी वाटलं न्हाई. तानीनं म्हनलं. पाटलाफुडं उभं ऱ्हाऊन म्हनली, हिच्याच नजरंनं माझ्या कोंबड्या गेल्या."

मी दुसऱ्या दिवशी थर्मास उचलला आणि सातारा गाठलं. निदान राहीबाईच्या कोंबड्यांपुरती तरी लस मिळते का बघावं, एवढाच विचार होता. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं थर्मास हातात घेतला, सुतळीकडे पाहिलं आणि हसला.

"गुरुजी, हा थर्मास ओळखीचा आहे. तुमचे हवालदार आले होते ना? मीच बर्फ भरून दिला होता."

"बर्फ? त्यांना लस मिळाली नव्हती ना?"

"मिळाली की! शेवटची एक बाटली राहिली होती. शंभर कोंबड्यांची. ती घेऊनच गेले."

मी बाकावर बसलो. एक माणूस रिकामा थर्मास माझ्या हातात देतो, त्याच थर्मासातून त्यानं लस नेलेली असते, आणि मी त्याला 'दमलास रं' म्हणून चहा पाजतो! चहा पिताना तो काय विचार करत असेल, हे मी पुष्कळदा मनाशी ताडून पाहिलं आहे. मला अजून उमगलेलं नाही.

आतून डॉक्टर आले. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"घरोघर खुराड्यात कोण फिरलं?"

"महाराज."

"आणि कोणाच्या खुराड्यात कोणीच गेलं नाही?"

"राहीबाईच्या," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच सगळं जुळलं. आजारी गावांतून आलेलं डालगं, त्यातली विष्ठा, तेच पाय, तेच दाणे. मरणं ज्या ओळीनं झाली ती मिरवणुकीची ओळ होती. आणि राहीबाईला वाचवलं होतं तिच्या सुतकानं.

नवी लस आलेली होती. ती बर्फात घालून मी परतलो.

मंगळवारी सकाळी गाव राहीबाईच्या फाटकाशी जमलं. पोलीस पाटील केरबा पुढे, त्याच्या मागे कोयता घेतलेला गुंडा नावाचा गडी, मग बाया. बाजूला महाराज डालग्यासह, आणि त्यांच्याशेजारी नाथाजी. मी फाटकात आडवा उभा राहिलो.

"गुरुजी, बाजूला व्हा," केरबा म्हणाला. "देवीचं काम हाय."

"होतो. पण आधी महाराजांचा चमत्कार मला करून बघायचाय. राहीबाई, एक कोंबडी बाहेर द्या. ती परत खुराड्यात घ्यायची नाही, वेगळी ठेवा."

राहीबाईनं फाटकावरून एक कोंबडी माझ्या हातात दिली. मी ती कुशीवर निजवली, डोकं जमिनीला टेकवलं, खिशातून शाळेतला खडू काढला आणि चोचीपासून रेघ ओढली. हात सोडले. कोंबडी पडून राहिली. मी टाळी वाजवली, ती उठली.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. महाराज म्हणाले, "गुरुजी शिकेल मानूस. कुठंतरी मंतर वाचला असंल!"

"मग तानुबाई, तू ये," मी म्हणालो. "तुला मंतर येतो का?"

"मला कुठला येतोय?" तानुबाई कचरत पुढे आली. मी दाखवलं तसं तिनं कोंबडीला धरलं, बोटानं धुळीत रेघ ओढली. कोंबडी निपचित. मी म्हणालो, आता रेघ ओढूच नकोस, नुसती दाबून धर, थोडी थांब आणि हळूच सोड. तिनं तसं केलं. कोंबडी तशीच पडून राहिली.

"रेघेत काही नाही, मंत्रात काही नाही," मी म्हणालो. "कोंबडीला कोणी घट्ट दाबून धरलं की तिला वाटतं, कोल्ह्यानं धरलं. ती भीतीनं थिजते, मेल्यासारखी पडून राहते. कोल्हा गाफील झाला की पळायचं, हा तिचा उपजत स्वभाव. तिचा जीव कोणी काढून घेत नाही. ती घाबरते, आणि हे महाराज तिच्या भीतीवर दक्षिणा घेतात."

"मंग आमच्या कोंबड्या कशानं मेल्या?" गुंडानं विचारलं. त्याचा कोयता खाली आला होता.

"त्या डालग्यानं. मर आलेल्या वाड्यांतल्या कोंबड्या त्यात होत्या. त्यांची घाण त्या दाण्यांना लागली आणि तेच दाणे परसाद म्हणून तुमच्या खुराड्यात आले. महाराजांच्या पायांनाही तीच घाण. आठवा, पहिली मर कोणाकडे? नाथाजीच्या अंगणातून निघून महाराज जिथं पहिले गेले. शेवटची? जिथं शेवटी गेले. राहीबाईकडे सुतक म्हणून पाय नाही, दाणा नाही, म्हणून रोगही नाही."

तानुबाई मटकन खाली बसली. "म्हंजे म्या माझ्या हातानं घातलं?" ती म्हणाली. "कपाळाला लावून घातलं वो गुरुजी!" तिचं रडणं ऐकवत नव्हतं. फाटकापलीकडे राहीबाई उभी होती. ती आत गेली नाही.

महाराजांनी शेवटचा पत्ता टाकला. "झूठ! मग हवालदाराच्या कोंबड्या का जगल्या? त्यांना पण परसाद दिला होता!"

सगळे नाथाजीकडे वळले. मीही वळलो. खरं सांगतो, तेव्हाही मला वाटत होतं की तो स्वतःच बोलेल. पलटणीतला माणूस आहे, पुढे होईल आणि सांगून टाकेल. मी त्याला वेळ दिला. तो जमिनीकडे बघत राहिला.

मी पिशवीतून थर्मास काढून वर धरला. "नाथाजी, सांग. ह्यातून तू काय आणलंस?"

त्यानं सुतळी बांधलेल्या टोपणाकडे पाहिलं. मग पुटपुटला, "बाटली एकच हुती, गुरुजी. समद्या गावाला पुरली नसती."

"म्हणून?"

"वाटून घाला म्हनले असते. माझ्या निम्म्या मेल्या असत्या. मंग टोचल्या माझ्याच." त्यानं घाम पुसला. "पर फुडं माझ्याच जगल्यावर गाव इचारणार, ह्येच्याच कशा? तवा पल्याडच्या गावात ह्यो म्हाराज दिसला. म्हनलं, त्येच्या नावावर खपून जाईल. ह्येच्या डालग्यातनं रोग यील, हे मातुर ठावं नव्हतं. आईशप्पत."

मला त्याची ती शपथ खरी वाटते. पण त्यानं दुखणं कमी झालं नाही. महाराज निदान अनोळखी होता, त्याचं पोट त्यावर होतं. गावानं भाबडेपणानं हात जोडले, त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. नाथाजीला सगळं ठाऊक होतं. लस म्हणजे काय, रेघ म्हणजे काय, बुवा म्हणजे काय. माझ्याइतकंच ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असूनच त्यानं गावाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. करणीचा आळ राहीबाईवर आला तेव्हाही तो गप्प उभा राहिला. मी त्याला एवढंच म्हणालो, "एक बाटली होती हे सांगितलं असतंस, तर मी स्वतः तुझ्या कोंबड्यांना आधी टोचायला लावली असती रं." त्यावर तो पहिल्यांदा रडला.

केरबा पाटलानं महाराजांना मेढ्याच्या फौजदाराकडे नेलं. डालग्यातल्या पेंगणाऱ्या कोंबड्या मारून त्यांच्यासकट डालगं आम्ही वेशीबाहेर खड्डा काढून जाळलं आणि वर चुना टाकून पुरलं. राहीबाईच्या कोंबड्यांना मी त्याच दिवशी लस टोचली, आधी हातपाय साबणानं धुऊन.

पुढे खुराडी रिकामी ठेवून, घासून, चुना मारून गावानं पुन्हा पिल्लं आणली. राहीबाईनं मात्र सुतक फिटल्यावरही एक सुतक कायमचं ठेवलं. तिच्या फाटकाशी पाण्याची घागर, साबण आणि चुन्याची पाटी असते. कोणीही येवो, पाय धुऊन चुन्यात ठेवल्याशिवाय परड्यात प्रवेश नाही. तानुबाई पहिल्यांदा आली तेव्हा तिनंही धुतले. राहीबाईनं तिला आत घेतलं, चहा दिला. पण पूर्वीसारखी एका ताटात भाकरी पुन्हा खाल्लेली मी पाहिली नाही. नाथाजी आला तेव्हा ती म्हणाली, "हवालदार, तुमी भाईरनंच बोला." तो फाटकाबाहेर उभा राहिला. पारावर मीही हल्ली एकटाच बसतो.

वाचकहो, नव्या कोंबड्या आणल्या तर काही दिवस वेगळ्या ठेवा. दुसऱ्याच्या खुराड्यातले पाय, टोपल्या, दाणे आपल्याकडे येऊ देऊ नका. मेलेली कोंबडी वाटू नका, ओढ्यात टाकू नका, खोल पुरा. लस वेळेवर टोचा, आणि कमी असेल तर कमी आहे असं चारचौघांत सांगा. आणि चमत्काराची ग्वाही द्यायला कोणी ओळखीचा, शहाणा, विश्वासाचा माणूस पुढे आला, तर नमस्कारासाठी हात जोडण्याआधी त्याला एकच विचारा, बाबा रे, तुझ्या स्वतःच्या कोंबड्या कशानं जगल्या?